बंद पडली नाही, बंद झाली

गाडी चालवण्याचा परवाना मला सौदी सरकारने दिला. गाडीबद्दल बोलण्याचा परवाना मात्र आमच्या रियाधच्या मराठी मंडळींनी कधीच दिला नाही. तो त्यांच्यात फक्त पुरुषांना असे, आणि त्या पुरुषांतही एका गृहस्थांना इतरांपेक्षा जास्त.

हे गृहस्थ माझ्या नवऱ्याचे मित्र. दोघे पुण्यात एका कॉलेजात शिकले आणि इथे एकाच कंपनीच्या आयटी विभागात बसायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. आखातात येण्याआधी भाऊजींनी एका मोटार कंपनीत नोकरी केली होती. तिथे ते करायचे काय, तर बिलं छापणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचे. गाड्या शेजारच्या इमारतीत बनत आणि भाऊजींना त्या जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून दिसत. एवढ्या भांडवलावर ते आमच्यात गाड्यांचे जाणकार होऊन बसले होते. गाडी घ्यायची झाली की त्यांना विचारायचं, विकायची झाली की त्यांना विचारायचं, टायर बदलायचे झाले तरी त्यांना विचारायचं. न विचारता कुणी काही केलं तर पुढच्या इस्तिराहात त्याची हजेरी घेतली जायची. इस्तिराहा म्हणजे शहराबाहेर दिवसाच्या भाड्याने मिळणारी अंगणाची जागा. तिथे महिन्यातून एखाद्या शुक्रवारी आम्ही चार-पाच कुटुंबं डबे घेऊन जमायचो. बायका डबे उघडायच्या, पुरुष कोळसे पेटवायचे आणि जगाचे प्रश्न सोडवायचे.

हायब्रिड गाडी आम्ही भाऊजींना न विचारता घेतली. खरं म्हणजे मी घेतली. मी इथल्या एका बँकेत जोखीम विभागात आहे. माझी बँक शहराच्या एका टोकाला, मुलीची शाळा दुसऱ्या टोकाला, आणि मधला सगळा रस्ता सकाळ-संध्याकाळ मुंगीच्या पावलांनी सरकणारा. अशा रस्त्यावर पेट्रोल जाळत उभं राहण्यापेक्षा बॅटरीवर उभं राहणं मला बरं वाटलं. नवरा कंपनीच्या बसने जायचा, त्यामुळे गाडी माझ्यासाठीच होती. "तुला हवी ती घे," असं तो मोठ्या मनाने म्हणाला होता. त्याचं मोठं मन साधारण पहिल्या सिग्नलपर्यंत टिकलं.

त्या सिग्नलला मी ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. एसी चालू, दिवे चालू, गाण्यांचा आवाज चालू, फक्त इंजिनाची घरघर गेली.

"बंद पडली!" नवरा शेजारच्या सीटवरून ओरडला आणि त्याने धोक्याच्या दिव्यांचं बटण दाबलं.

"पडली नाही," मी म्हटलं. "झाली. स्वतःहून बंद झाली. लागेल तेव्हा स्वतःच चालू होईल."

हिरवा दिवा लागला, मी पाय उचलला आणि गाडी आवाज न करता सरकली. जरा पुढे गेल्यावर इंजिन हलकेच सुरू झालं. नवऱ्याने दिवे बंद केले. मग घरी येईपर्यंत डॅशबोर्डकडे असं बघत होता, जणू कुणी पाहुणा जेवणाच्या ताटावर उलटं बोललाय.

गाडी आणली त्या दिवशी, तो सोबत नसताना, मीही दचकले होते, नाही असं नाही. पण दचकल्यावर माणसाने काय करायचं असतं? माहिती काढायची असते. मी दुपारच्या जेवणाच्या वेळेत फोनवर गाडीचं माहितीपुस्तक वाचून काढलं. त्यात गूढ काहीच नव्हतं. बॅटरी भरलेली असली की थांबल्यावर इंजिन बंद होतं. बॅटरी उतरली किंवा उन्हात एसीला जास्त वीज लागली की ते उभ्या गाडीतही आपोआप सुरू होतं, आणि काम झालं की पुन्हा बंद होतं. ब्रेकवर हलका पाय ठेवला की चाकांच्या फिरण्यातून बॅटरीत वीज जाते, तेव्हा एक बारीक सूर ऐकू येतो. गाडी अगदी थांबताना नेहमीचा ब्रेक धरतो आणि एक हलकी टक्क होते. सकाळी ड्रायव्हरचं दार उघडलं की ब्रेकचा पंप क्षणभर गुणगुणतो. गाडी धुतल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर होते, कारण चकत्यांवर पाण्याने गंजाचा पातळ थर धरलेला असतो आणि तो घासून निघतो. हे सगळं बिघाड नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. तो बुद्धीने मंद नाही. त्याला ते कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते न कळण्यामुळे झालं नाही.

त्यानंतरच्या इस्तिराहात भाऊजींनी गाडी पाहिली. पाहिली म्हणजे ते न विचारता माझ्या सीटवर बसले, बटण दाबलं आणि डोळे मिटून ऐकू लागले. वैद्य नाडी बघतो तसे.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"इंजिन बंद आहे, भाऊजी. गरज नाही म्हणून."

"वहिनी, इंजिन बंद असेल तर गाडी चालू कशी?"

मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी बॉनेट उघडायचा खटका ओढला आणि इतर तिघांना हाक मारली. चारही पुरुष बॉनेटखाली वाकले. त्यात माझा नवराही होता. आत त्यांना दिसत काय होतं, तर काळ्या प्लास्टिकचं झाकण. आमच्यातले एक गृहस्थ त्या झाकणावर टकटक करून बघत होते. दुसऱ्या एकाने तेलाची पट्टी बाहेर काढली, तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि पुन्हा आत घातली. मग बॅटरीला वाटलं असावं की आता जरा चार्ज व्हावं. इंजिन एकदम सुरू झालं आणि चौघेही असे मागे उडाले की एकाचा चष्मा वाळूत पडला.

बायकांच्या बाजूने हसू आलं. भाऊजींना ते आवडलं नाही.

"हे धोकादायक आहे," ते म्हणाले. "कुणी हात न लावता इंजिन सुरू होतंय. वायरिंगमध्ये गडबड आहे." मग त्यांनी गाडी त्या मातीच्या मैदानात दोनदा फिरवून आणली, पुन्हापुन्हा जोरात ब्रेक दाबून पाहिला आणि उतरताना निकाल दिला, "ब्रेक पॅड गेलेत. वापरलेली गाडी धुऊनपुसून दिलीय तुम्हाला."

गाडी नवीकोरी होती. सीटवरचं प्लास्टिक मी त्याच आठवड्यात काढलं होतं.

"आणि मुळात इथे हायब्रिड घेतंच कोण?" ते कोळशांकडे वळत म्हणाले. "पेट्रोलच्या देशात राहायचं आणि बॅटरीवर फिरायचं!" यावर सगळे हसले. माझा नवराही हसला. चूक त्याच्यावरच शेकणार असेल, तर आधीच दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहावं, असा त्याचा आयुष्यभराचा हिशेब आहे.

घरी आल्यावर तो म्हणाला, "एकदा दाखवून घ्यायला काय हरकत आहे?"

"कुणाला? पुस्तकात लिहिलेलं आहे."

"पुस्तक कंपनीनेच छापलेलं असतं ना," तो म्हणाला. हे वाक्य त्याचं नव्हतं. भाऊजींचं वाक्य तो घरी आणून मला ऐकवत होता, दुकानातून वाणसामान आणावं तसं.

मग आम्ही गाडी विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये नेली. इथे त्याला सगळे वकाला म्हणतात. भाऊजी बोलावल्याशिवाय सोबत आले. तिथल्या तरुण सौदी माणसाने गाडी बाहेर एक चक्कर मारून आणली, टॅबलेटवर काहीतरी टिचकी मारली आणि म्हणाला, "तबीई." म्हणजे नॉर्मल. भाऊजींनी त्याला इंजिनाबद्दल विचारलं. तबीई. ब्रेकच्या सुराबद्दल विचारलं. तबीई. दार उघडताना येणाऱ्या आवाजाबद्दल विचारलं. त्यालाही तबीई. तो माणूस काही ज्ञानी वगैरे नव्हता. त्याला कंटाळा आला होता, त्याचं लक्ष फोनकडे होतं आणि हाच एक शब्द म्हणून तो दिवस काढत होता. योगायोगाने तो शब्द बरोबर होता. शेवटी तो "खलास?" असं विचारून उठला.

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "बघितलंत? शिकवून ठेवलेलं असतं यांना. ठरलेलं उत्तर."

"भाऊजी, तुम्ही तोच प्रश्न विचारत होतात. उत्तर तेच येणार."

"वहिनी, तुम्ही फार लवकर विश्वास ठेवता," ते मायेने म्हणाले. माझी नोकरीच कुणावर विश्वास न ठेवण्याची आहे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मायेने बोलणाऱ्या अडाणी माणसाइतका चिवट माणूस मी बँकेतही पाहिलेला नाही.

असे काही महिने गेले. मी गाडी चालवत राहिले, गाडी आपले सूर काढत राहिली आणि शुक्रवारी भेट झाली की भाऊजी पहिला प्रश्न विचारायचे, "काय, पडली की नाही अजून?" सगळे हसायचे. ती एक ठरलेली गंमत झाली होती.

मग ऑगस्ट आला, खजुराचा हंगाम सुरू झाला आणि बुरैदा शहरातल्या खजूर बाजारात जायचं ठरलं. दरवर्षी आम्ही आणि भाऊजींचं कुटुंब मिळून जायचो, त्यांच्या मोठ्या जीपसारख्या गाडीतून. त्यांचा मुलगा आता भारतात शिकायला गेला होता, त्यामुळे ते दोघं आणि आम्ही तिघं. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींचा फोन आला की तुमच्याच गाडीने जाऊ, लांबच्या रस्त्यावर एकदा नीट बघूनही होईल. खरं कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांच्या गाडीचा एसी बंद पडला होता आणि गाडी कधीची गॅरेजमध्ये होती.

"ह्यांना सांगू नकोस मी बोलले ते," ती डिकीत डबा ठेवताना म्हणाली.

या बाईबद्दल तोवर माझं मत काही चांगलं नव्हतं. कुठलीही गोष्ट विचारा, उत्तर यायचं, "ह्यांना विचारून सांगते." भाजीत मीठ जास्त झालंय का, एवढंच काय ते तिला कुणाला न विचारता ठरवता येत असावं, असं मला वाटे. तिखटमिठाच्या पुऱ्या मात्र ती फार चांगल्या करायची.

जाताना मी चालवली. भाऊजी गुडघ्याचं कारण सांगून माझ्या शेजारी बसले आणि नवरा मागे. बुरैदापर्यंत रस्ता सरळ, दोन्हीकडे वाळू, आणि भाऊजींचं समालोचन चालू. "आता इंजिन सुरू झालं. का झालं?" "आता बंद झालं. का झालं?" "हा कसला शिट्टीसारखा आवाज?" मी पहिल्या तासात उत्तरं दिली, नंतर रेडिओ लावला. माझी मुलगी मागून म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट द ब्रेक चार्जिंग द बॅटरी." भाऊजी मागे वळून तिचे गाल ओढण्याच्या बेताने हसले आणि म्हणाले, "आजकालची मुलं यूट्यूब फार बघतात."

बाजारात आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खजुराच्या खोक्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या रांगेने उभ्या होत्या, लिलाववाल्यांचे आवाज चढलेले होते. भाऊजी प्रत्येक गाडीपाशी थांबून एक सुक्करी खजूर तोंडात टाकायचे, चावायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. विकणारे दिलदार, कुणी काही बोलत नव्हतं. मी आणि त्यांच्या बायकोने दुसऱ्या टोकाला जाऊन चांगली खोकी निवडली, घेतली आणि डिकीत रचूनही झाली, तरी भाऊजींचं चाखणं चालूच होतं.

परत निघताना ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "आता मी चालवतो. वहिनी दमल्या असतील."

"मी दमले नाही."

"दे ना त्याला," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली. त्या उन्हात, मुलीसमोर, त्या दोघांशी भांडायचं म्हणजे त्यांना जेवढी किंमत द्यावी लागली असती, तेवढी द्यायची माझी इच्छा नव्हती.

मी मागे मध्ये बसले. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला भाऊजींची बायको. बाजारातून बाहेर पडायच्या रस्त्यावर पुढे कुठेतरी एका पिकअपमधली खोकी रस्त्यावर पडली होती आणि सगळी वाहतूक अडली होती. भाऊजींनी गाडी थांबवली, लिव्हर न्यूट्रलला टाकला, पार्किंग ब्रेक लावला आणि एसी सगळ्यात थंड करून पंखा पूर्ण वेगावर नेला.

"भाऊजी, न्यूट्रलमध्ये ठेवू नका," मी म्हटलं. "न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. एसी त्याच बॅटरीवर चालतो. नुसता ब्रेक धरून ठेवा, किंवा पार्कमध्ये टाका."

"गिअरबॉक्सवर ताण येतो, वहिनी. थांबल्यावर न्यूट्रल. कुठलीही गाडी असो, गाडी ती गाडी."

थोडं पुढे सरकून आम्ही पुन्हा थांबलो. पुन्हा न्यूट्रल. मी पुन्हा सांगितलं. या वेळी ते नवऱ्याकडे पाहून फक्त हसले. नवरा म्हणाला, "अगं, चालवू दे ना त्याला शांतपणे."

तिसऱ्यांदा मी नवऱ्याला सांगितलं, नाव घेऊन, स्पष्ट. "तुला माहीत आहे मी काय म्हणतेय ते. त्यांना सांग." तो खिडकीतून बाहेर खोकी मोजल्यासारखा बघत राहिला.

मग मी पाठ मागे टेकली. समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या दिसत होत्या. एक गेली, मग आणखी एक. आम्ही बराच वेळ जागच्या जागी होतो. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आई, बॅटरी लो हो रही है."

"हो. बघ तू."

शेवटी घंटी वाजली, पडद्यावर पिवळी सूचना आली की बॅटरी कमी आहे, न्यूट्रलमधून बाहेर काढा, आणि एसीची हवा कोमट झाली. सूचना इंग्रजीत होती, अक्षरं मोठी होती, भाऊजींना इंग्रजी येतं. त्यांनी ती वाचलीच नाही. त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा मी त्यांच्या मुलाच्या बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

"पडली!" ते म्हणाले. "मी काय म्हणत होतो? पडली की नाही शेवटी?"

तेवढ्यात पुढचा रस्ता मोकळा झाला आणि मागून हॉर्न सुरू झाले. भाऊजी गडबडले. त्यांनी बटण दाबून गाडीच बंद केली, मग ब्रेकवर पाय न ठेवता पुन्हा दाबलं. पडदा उजळला, पण गाडी काही सुरू झाली नाही. त्यांनी आणखी दोनदा दाबलं. मग ते उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. माझा नवराही उतरला. मागच्या पिकअपमधून दोन माणसं आली, कुठून तरी एक पाकिस्तानी टॅक्सीवाला आला, आणि त्या भर उन्हात सगळे जण त्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे टक लावून बघू लागले.

आत आम्ही तिघी. दारं उघडी ठेवली तरी गाडी भट्टीसारखी तापत होती. भाऊजींच्या बायकोने ओढणीने मान पुसली.

"तुला चालू करता येईल?" तिने विचारलं.

"येईल."

"मग कर ना. बसलीस काय?"

तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. मी उतरून पुढे गेले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, लिव्हर पार्कमध्ये टाकला, पार्किंग ब्रेक तसाच ठेवून ब्रेकवर पाय दाबला आणि बटण दाबलं. बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे इंजिन लगेच आणि चांगलं जोरात सुरू झालं. बॉनेटखालची डोकी पुन्हा मागे उडाली.

"आली!" भाऊजी बाहेरून ओरडले. "आली, आली! वहिनी, आता कशालाही हात लावू नका!"

त्यांनी बॉनेट आपटून बंद केलं, टॅक्सीवाल्याशी हात मिळवला आणि रुमालाला हात पुसत माझ्या खिडकीशी आले. "एक कनेक्शन सैल होतं. दाबून बसवलं. माझ्या लक्षात आलंच होतं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. बॉनेट बंद झाल्यावर तो काचेसमोरच उभा होता. त्याआधी मी पुढे येऊन बसले तेही त्याने पाहिलं होतं, कारण तो बाजूला उभा होता, भाऊजींसारखा वाकलेला नव्हता. आमची नजर मिळाली. मग त्याने भाऊजींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "नशीब, तू होतास."

रियाधपर्यंत मीच चालवली. सीट बदलायचं कुणी सुचवलं नाही. भाऊजी मागे बसून थोड्याच वेळात झोपले आणि घोरायला लागले. ब्रेकचा बारीक सूर त्यांच्या घोरण्यापुढे ऐकूही येत नव्हता.

पुढच्या इस्तिराहात ही गोष्ट सांगितली गेली. भाऊजींनी सांगितली, उभं राहून, हातवाऱ्यांसकट. ऊन वाढलं होतं, मागे गाड्यांची रांग वाढली होती, वहिनी घाबरल्या होत्या, आणि त्यांनी भाजणाऱ्या इंजिनात हात घालून नेमकी ती वायर शोधली होती. ऐकणारे वाहवा करत होते. कुणीतरी म्हणालं, जुन्या मोटार कंपनीतल्या अनुभवाचा असा उपयोग होतो. माझा नवरा शेगडीपाशी चिकनचे तुकडे उलटत होता. तो बराच वेळ तेच तुकडे उलटत होता.

घरी जाताना मी त्याला विचारलं, "तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

"आता त्याला सगळ्यांसमोर कशाला तोंडावर पाडायचं? म्हातारपणी माणसाला तेवढाच आधार असतो," तो म्हणाला. भाऊजी त्याच्याच वयाचे आहेत. "आणि तुला काय फरक पडतो?"

मी विचार केला. भाऊजींमुळे मला खरोखरच काही फरक पडत नव्हता. तसली माणसं जिथे जावं तिथे असतात, बँकेतही माझ्या समोरच्या टेबलावर एक आहे. पण माहीत असून गप्प बसणारा माणूस घरात असला की त्याला काही सांगावंसं वाटेनासं होतं. आधी मी त्याला गाडीबद्दल सांगायचं सोडलं. मग बँकेतल्या गोष्टी सोडल्या. मग हळूहळू आणखी बऱ्याच. त्याच्या ते लक्षात आलं असावं, पण त्याबद्दलही तो गप्पच आहे. आमचं भांडण होत नाही. लोकांना आमचं घर शांत वाटतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी भाऊजींच्या बायकोचा मला बँकेत फोन आला. असा ती कधी करायची नाही.

"मला गाडी शिकायचीय," ती म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं की मी सुरूच झाले. ऑटोमॅटिकमध्ये काय सोपं असतं, हायब्रिडमध्ये काय वेगळं असतं, इंजिन कधी बंद होतं, ब्रेकचा सूर का येतो, न्यूट्रल का टाळायचं. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"हे बघ," ती मध्येच म्हणाली. "समजावून सांगणारा माणूस माझ्या घरी आहे. तू फक्त अर्ज कसा भरायचा आणि कुठल्या ड्रायव्हिंग शाळेत जायचं तेवढं सांग."

मी सांगितलं. तिने खरोखरच नाव घातलं. सकाळी भाऊजी ऑफिसला गेले की ती टॅक्सीने ड्रायव्हिंग शाळेत जायची. गाडी मागे घेऊन लावण्याच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. घरी काही बोलली नाही. "ह्यांना विचारून सांगते" म्हणणारी ही बाई काही न विचारता, काही न सांगता एवढं करून बसली, हे मला कबूल करावं लागलं, आणि तिच्याबद्दलचं माझं मत चुकलं होतं हेही.

भाऊजींना ते कळलं ऑफिसमध्ये, भर मीटिंगमध्ये. त्यांच्या फोनवर वेगाच्या कॅमेऱ्याचा दंड आल्याचा मेसेज आला. गाडी त्यांच्या नावावर, सकाळी बसने निघताना घराखाली लावलेली, रस्ता विमानतळाकडचा, वेळ सकाळची, आणि ते स्वतः तर खुर्चीत बसलेले. गाडी चोरीला गेली असं समजून त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला गाठलं, मग सिक्युरिटीवाल्याला, आणि शेवटी घरी फोन केला.

हे मला तिनेच संध्याकाळी सांगितलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचारलं, गाडी कोण चालवत होतं. मी म्हटलं, मी."

"मग?"

"नंतर म्हणाले, जरा हळू चालव."

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. "थांब, दूध उतू जातंय," आणि तिने फोन ठेवला.